दांत आणि त्याचें आळें

दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण ज्या काळांत रूढ झाली त्या काळीं गेलेला दांत परत येईल अशी आशा कोणी बाळगीत नसे. मगरीला किंवा शार्क माशाला जन्मभर नवे दांत येत राहतात. मनुष्याला तें भाग्य दोनदांच लाभतें. दुधाचे दांत पडतात, त्यांच्या जागीं दुसरे येतात, आणि तेहि गेले कीं निसर्ग हात आंखडता घेतो. दांतावरील जें शुभ्र, कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तें तयार करणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. त्यामुळें झिजलेलें कवच पुन्हां घडवावयास शरीराजवळ कारागीरच उरत नाहीं. तरीहि गेल्या अडीचशें वर्षांत अनेक संशोधकांनीं हा हरवलेला ठेवा परत मिळविण्याची खटपट केली. आणि त्यांच्या यशापयशाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणें दिसून येते. जोंपर्यंत सर्वांची दृष्टि केवळ दांतावर खिळली होती, तोंपर्यंत फारसें कांहीं साधलें नाहीं. दांत ज्या आळ्यांत रुजलेला असतो त्याच्याकडे लक्ष गेलें, तेव्हां कोठें कोडें सुटूं लागलें.

या इतिहासाचा आरंभ जॉन हंटरपासून करणें सोयीचें होईल. स्कॉटलंडांत १७२८ सालीं जन्मलेला आणि लंडनमध्यें नांवारूपास आलेला हा शस्त्रवैद्य मोठा जिज्ञासु होता. मानवी दांतांवरील त्याचा ग्रंथ १७७१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि दांतांच्या रोगांवरील दुसरा १७७८ सालीं. त्याच्या प्रयोगांपैकीं एक आजहि वाचकास चकित करतो. मनुष्याचा नुकताच काढलेला दांत त्यानें कोंबड्याच्या तुऱ्यांत चीर पाडून बसविला. पुढें कोंबडा मारून त्याच्या डोक्यांतील रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरला, तेव्हां तो द्रव दांताच्या आंतहि शिरल्याचें त्याला दिसलें. परका दांत परक्या प्राण्याच्या देहांत जिवंत राहिला, असा त्याचा निष्कर्ष होता. हा प्रयोग अनेक वेळां फसून एकदांच साधला, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आहे. परंतु लोकांच्या ध्यानांत यश तेवढें राहिलें.

एका माणसाचा दांत दुसऱ्याच्या जबड्यांत बसविण्याची चाल त्यापूर्वींहि होती. हंटरच्या नांवाचें पाठबळ मिळतांच श्रीमंतांच्या घरीं तिला भलताच मान आला. पैशासाठीं आपले निरोगी दांत उपटून देणारीं गरीब मुलेंमुली मिळणें कठीण नव्हतें. पहिल्याचा दांत नीट बसला नाहीं तर दुसऱ्याचा काढतां यावा, म्हणून असे अनेक जण तयार ठेवावेत, असा सल्ला खुद्द हंटरनें दिला आहे. टॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकारानें १७८७ सालीं या प्रकारावर काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. त्यांत सुंदर पोशाख केलेल्या स्त्रीसाठीं धुराडीं साफ करणाऱ्या काजळलेल्या पोराचा दांत उपटला जात आहे, आणि दारावर जिवंत दांतांना भरपूर मोल देण्याची पाटी आहे. ज्यानें दांत दिला त्याला तो पुन्हां कधींच येणार नव्हता. ज्यानें घेतला त्याच्याहि तोंडांत तो क्वचितच कांहीं वर्षांहून अधिक टिकत असे. शिवाय अशा दांतांबरोबर उपदंशासारखे रोग येतात, अशी तक्रार होऊं लागली. हंटरनें ती मानली नाहीं. पण लोकांचा विश्वास उडाला आणि ती चाल मागें पडली. मग मेलेल्यांचे दांत कवळींत बसवण्याचा धंदा वाढला. १८१५ च्या वॉटर्लूच्या रणभूमीवरून असे दांत इतके गोळा झाले कीं त्या गांवाच्या नांवानेंच ते ओळखले जाऊं लागले. हंटरच्या विद्वत्तेबद्दल आदर ठेवूनहि हें प्रकरण त्याच्या कीर्तीस शोभणारें नव्हतें, असेंच म्हणावें लागतें.

परका दांत टिकत कां नसे? याचें कारण जबड्याच्या रचनेंत आहे. दांत हा भिंतींत ठोकलेल्या खुंटीप्रमाणें हाडांत रोंवलेला नसतो. दांताचें मूळ आणि हाड यांच्यामध्यें मिलिमीटरच्या सुमारें पांचव्या हिश्श्याइतका पातळ असा तंतूंचा पदर असतो. त्या तंतूंचें एक टोंक मुळावरील सिमेंटम नांवाच्या थरांत आणि दुसरें हाडांत गुंतलेलें असतें. बाजेच्या चौकटींत सुंभ ताणून बसवावा, तसा दांत त्या तंतूंवर तोललेला असतो. घांसांतला खडा तत्काळ जाणवतो तो या पदरामुळें. हा पदर जिवंत राहिला तर दांत टिकतो. तो मेला तर हाड मुळास चिकटतें आणि हळूहळू त्याला खाऊन टाकतें. हंटरचें लक्ष दांतांतल्या रक्तवाहिन्यांकडे होतें. मुळाच्या पृष्ठभागावरील नाजूक पेशी त्याच्या हिशेबांत नव्हत्या. खेळतांना मुलाचा पक्का दांत मुळासकट निखळला तर तो मुळाशीं न धरतां वरच्या भागाशीं धरावा, न घांसतां लगेच जागेवर बसवावा, किंवा दुधांत ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे न्यावा, असें आज सांगतात, तें याच पेशींच्या जिवासाठीं.

पुढचें मोठें पाऊल पडलें तें मात्र दांतांचा विचारहि मनांत नसतांना. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रेनेमार्क हा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठीं टायटॅनियम धातूची एक दुर्बिणीसारखी नळी त्यानें हाडांत बसविली होती. काम संपल्यावर ती महागडी नळी काढून पुन्हां वापरावी, असा साधा हिशेब होता. पण ती निघेना! हाड धातूला असें बिलगलें होतें कीं हाड तोडल्याखेरीज ती सुटती ना. दुसऱ्या कोणी हें साहित्याचें नुकसान समजून सोडून दिलें असतें. ब्रेनेमार्कनें पुढील अनेक वर्षें त्याचाच पाठपुरावा केला. १९६५ सालीं येस्टा लार्सन हा पहिला रुग्ण त्याच्यापुढें आला. लार्सनच्या टाळूंत व जबड्यांत जन्मतः व्यंग होतें आणि खालच्या जबड्यांत दांत नव्हते. टायटॅनियमचे खिळे त्याच्या जबड्यांत बसवून, कित्येक महिने त्यांवर भार न देतां हाड जुळूं दिलें, आणि मग त्यांवर दांत चढविले. लार्सन २००६ सालीं वारला तोंवर ते खिळे कामीं येत होते. स्वदेशांतील दंतवैद्यांनीं या शोधाची बरीच उपेक्षा केली. १९८२ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें भरलेल्या परिषदेनंतर जगानें तो स्वीकारला. तरी हें लक्षांत ठेवावें कीं या खिळ्याभोंवतीं तो तंतूंचा पदर नसतो. ब्रेनेमार्कनें पदराचा प्रश्न सोडविला नाहीं. त्याला बगल देऊन तो पुढें गेला.

तो प्रश्न त्याच देशाच्या दुसऱ्या मंडळींनीं हातीं घेतला. हिरड्यांच्या रोगानें दांताभोंवतींचें हाड झिजतें, दांत हलूं लागतो. शस्त्रक्रिया केली तरी जखम भरते, पण मूळ पुन्हां हाडाशीं बांधलें जात नाहीं. कारिंग, न्यूमन आणि लिंदे यांनीं १९८० च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलें. रोगी मूळ हाडाला टेकलें तर त्याला हाड चिकटे व मूळ झिजे. हिरडीच्या मांसाला टेकलें तरीहि तें झिजे. हिरडीवरची त्वचा सर्वांत चपळ. ती आधीं धांवून मूळ झांकी, पण बांधणी होत नसे. म्हणजे मुळाशीं प्रथम कोणत्या पेशी पोंचतात यावर सगळें अवलंबून! मग १९८२ सालीं त्यांनीं एका रुग्णाच्या खालच्या पुढील दांताभोंवतीं गाळणीच्या कागदासारखा पातळ पडदा शिवला. त्वचा व मांस पडद्याबाहेर अडलें आणि तंतुपदराच्या पेशींना वाट मोकळी मिळाली. तीन महिन्यांनीं तो दांत भोंवतालच्या भागासह काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां मुळावर नवें सिमेंटम आणि त्यांत गुंतलेले नवे तंतु आढळले. शरीर ही बांधणी पुन्हां करूं शकतें, हें मनुष्याच्या तोंडांत सिद्ध झालें. ही युक्ति खोल, अरुंद खळग्यांत चांगली चालते. सगळीकडे सारखेंच झिजलेल्या हाडास मात्र तिचा उपयोग थोडा.

हाडाच्या बाबतींत अमेरिकेंतील मार्शल युरिस्ट यानें १९६५ सालीं दाखविलें कीं चुना काढून टाकलेलें हाड स्नायूंत पुरलें तर तेथें नवें हाड तयार होतें. त्यामागचें प्रथिन पुढें कृत्रिमपणें बनवितां आलें, आणि जबड्याच्या कांहीं शस्त्रक्रियांत तें वापरण्यास अमेरिकेंत २००७ सालीं परवानगी मिळाली. २००० सालीं दांताच्या गरांतहि मूलपेशी सांपडल्या, आणि २००९ सालीं जपानी संशोधकांनीं प्रयोगशाळेंत जुळविलेला दंतांकुर उंदराच्या जबड्यांत रुजवून त्याचा दांत उगवलेला पाहिला. अंकुर आपलें आळें आपणच घडवितो, हें त्यांत विशेष.

क्योतो येथील काट्सु ताकाहाशी व त्यांचे सहकारी यांनीं याहून वेगळी वाट धरली. दांतांची वाढ रोखणारें यूसॅग-१ नांवाचें एक प्रथिन आहे. तें ज्यांना नाहीं अशा उंदरांस जादा दांत येतात. त्या प्रथिनाला अडविणाऱ्या प्रतिपिंडानें उंदरांत व फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत नवा दांत उगवल्याचें त्यांनीं २०२१ सालीं जाहीर केलें. २०२४ सालीं क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयांत मनुष्यांवरील पहिली चांचणी सुरू झाली. तीसाठीं एखादी तरी दाढ गेलेले, ३० ते ६४ वर्षें वयाचे ३० पुरुष ठरविण्यांत आले. आणि औषध निर्धोक आहे कीं नाहीं एवढेंच तीत मुख्यतः पाहावयाचें ठरलें. त्यानंतरचा क्रम, ज्यांना जन्मतःच अनेक दांतांचे अंकुर नसतात अशा मुलांचा.