पदवी न देणारे विद्यापीठ

एका संलग्न महाविद्यालयात मी तेहेतीस वर्षे इंग्रजी शिकवले. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी आपले विद्यापीठ कधी पाहिले नव्हते. त्यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. माझ्या लेखी ते दर एप्रिल-मेमध्ये घरी येणारे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. यात काही चुकते आहे असे वाटे, पण काय चुकते हे नेमके सांगता येत नसे. निवृत्तीनंतर लेकीकडे डब्लिनला दोन उन्हाळे काढले, तेव्हा एका अयशस्वी विद्यापीठाच्या इमारतीत हा प्रश्न मला पुन्हा भेटला.

डब्लिनच्या मध्यभागी सेंट स्टीफन्स ग्रीन नावाची मोठी बाग आहे. तिच्या दक्षिण बाजूला ८६ क्रमांकाची दगडी हवेली आहे. दारावर सिंह बसलेला. अठराव्या शतकात रिचर्ड चॅपेल व्हेली या श्रीमंत प्रॉटेस्टंट जमीनदाराने ती बांधली. कॅथलिकांच्या द्वेषापायी त्याला ‘प्रार्थनामंदिरे जाळणारा’ असे टोपणनाव पडले होते. त्याच घरात ३ नोव्हेंबर १८५४ रोजी आयर्लंडचे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या दिवशी सतरा विद्यार्थ्यांची नोंद झाली. पटावरचे पहिले नाव होते डॅनिएल ओ’कॉनेल, कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेल्या त्याच नावाच्या पुढाऱ्याचा नातू.

हे विद्यापीठ काढावे का लागले? डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज १५९२ पासूनचे. पण ते प्रॉटेस्टंटांचे. १७९३ नंतर कॅथलिकांना तिथे पदवी घेता येऊ लागली, तरी शिष्यवृत्त्या आणि अधिछात्रवृत्त्या त्यांना बंदच होत्या. १८४५ च्या कायद्याने सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे इथे तीन ‘क्वीन्स कॉलेजे’ काढली. तिथे कोणत्याच पंथाचे शिक्षण नव्हते. धर्मगुरूंनी त्यांना ‘निरीश्वर कॉलेजे’ ठरवले आणि १८५० मध्ये थर्ल्स येथील धर्मसभेने त्यांचा निषेध केला. मग आपलेच विद्यापीठ काढायचे ठरले. आर्चबिशप पॉल कलेन यांनी त्यासाठी बोलावले ते जॉन हेन्री न्यूमन यांना. हे ऑक्सफर्डचे विद्वान, इंग्रज, आणि १८४५ मध्येच कॅथलिक झालेले. दुष्काळाने नुकत्याच उद्ध्वस्त झालेल्या आयर्लंडमध्ये, चर्चमध्ये जमवलेल्या वर्गणीवर, ऑक्सफर्डच्या तोडीचे काही उभारायचे होते.

न्यूमन यांनी आधी, १८५२ मध्ये, डब्लिनमध्ये व्याख्याने दिली. ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ हे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांतूनच वाढत गेले. एम.ए.ला असताना मी ते परीक्षेपुरते वाचले होते. डब्लिनमध्ये पुन्हा वाचताना एका जागी थांबलो. न्यूमन दोन विद्यापीठांची तुलना करतात. एकात राहणे नाही, जवळून लक्ष देणारा शिक्षक नाही; अनेक विषयांची परीक्षा दिली की पदवी मिळते. दुसऱ्यात प्राध्यापक नाहीत, परीक्षाही नाही. तरुण मुले तीन-चार वर्षे एकत्र राहतात, बोलतात, वाद घालतात आणि घरी जातात. बुद्धीला वळण लावण्यात यांतले सरस कोणते, असे विचारले तर आपण बेधडक दुसऱ्याचे नाव घेऊ, असे ते म्हणतात.

पहिल्या प्रकारचे विद्यापीठ म्हणजे तेव्हाचे लंडन विद्यापीठ, हे वाचकांना कळत होते. आणि १८५४ च्या जुलैमध्ये, डब्लिनचे दार उघडण्याच्या साडेतीन महिने आधी, लंडनहून भारताकडे वुड यांचा खलिता निघाला. त्यात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे याच लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे काढण्याची शिफारस होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले ते परीक्षा घेणारे आणि महाविद्यालये संलग्न करणारे म्हणून. न्यूमन यांनी नाकारलेली कल्पना आपल्या वाट्याला आली होती. मी तिचाच नोकर होतो.

न्यूमन यांनी आपले विद्यापीठ घरांमध्ये वाटले. ८६ क्रमांकात सेंट पॅट्रिक हाउस. जवळच्या हारकोर्ट स्ट्रीटवर आणखी दोन घरे, त्यांतल्या सहा क्रमांकाच्या घराचे प्रमुख स्वतः न्यूमन. मुले आणि शिक्षक एका छताखाली राहत, एका टेबलावर जेवत. हवेलीला लागून १८५६ मध्ये विद्यापीठाचे चर्च उघडले. बाहेरून अरुंद वाटणारे हे चर्च आत शिरल्यावर आयरिश संगमरवराच्या रंगांनी उजळलेले दिसते. मुलांना भाषणाची सवय व्हावी म्हणून वादसभा सुरू झाली. ती आजही युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये चालते.

आयरिश इतिहासाचे प्राध्यापक म्हणून न्यूमन यांनी युजीन ओ’करी यांना नेमले. शेतकऱ्याचा हा मुलगा कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. जुनी हस्तलिखिते तो स्वतःच्या बळावर वाचायला शिकला होता. दुष्काळानंतर आयरिश भाषा झपाट्याने मागे पडत असताना तिची जुनी पोथी विद्यापीठाच्या व्याख्यानाचा विषय झाली. त्या व्याख्यानांना इंग्रज कुलप्रमुख स्वतः श्रोत्यांत बसत.

पण कुरबुरी लवकरच सुरू झाल्या. मुले वेळी-अवेळी बाहेर जातात, धूम्रपान करतात, अशी कलेन यांची तक्रार होती. त्यांना सेमिनरीची शिस्त हवी होती. न्यूमन यांना जगात वावरणारे तरुण घडवायचे होते. पैशाच्या कारभारात सामान्य कॅथलिक गृहस्थांना वाटा द्यावा, हे न्यूमन यांचे म्हणणे बिशपांना पटले नाही. खरी अडचण मात्र वेगळीच होती. विद्यापीठाला सरकारी सनद नव्हती, त्यामुळे त्याच्या पदवीला बाहेर किंमत नव्हती. मोजके विद्यार्थी आले आणि मोजकेच राहिले. १८५८ मध्ये न्यूमन यांनी राजीनामा दिला. सिसिलिया स्ट्रीटवरचे वैद्यकीय विद्यालय तेवढे भरभराटीला आले, कारण तिथला अभ्यासक्रम वैद्यकीय परवाना देणाऱ्या संस्था मान्य करत होत्या.

इथे मला माझे विद्यार्थी आठवले. घरातला पहिलाच पदवीधर होणाऱ्या मुलाला, तीन वर्षे नुसता गप्पा मारायला ये, असे मी सांगू शकलो असतो का? त्याच्या आईने कागदासाठीच फी भरलेली असे. न्यूमन यांच्या मनातले विद्यापीठ ज्यांना परवडत होते त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड होतेच.

पुढे १८८० मध्ये ‘रॉयल युनिव्हर्सिटी’ झाली. ती केवळ परीक्षा घेणारी, म्हणजे पुन्हा लंडनचाच नमुना. ८६ क्रमांकातले युनिव्हर्सिटी कॉलेज १८८३ मध्ये जेझुइटांकडे आले आणि त्याचे विद्यार्थी या परीक्षांना बसू लागले. पुढच्याच वर्षी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हा कवी तिथे ग्रीकचा प्राध्यापक झाला. वर्षाला शेकडो उत्तरपत्रिका तपासताना तो पिचून गेला. १८८९ मध्ये विषमज्वराने तो गेला तेव्हा जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या कविता पुस्तकरूपाने यायला १९१८ साल उजाडले. त्याची पत्रे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझेच गठ्ठे उभे राहिले.

मात्र त्याच परीक्षा-विद्यापीठाने १८८४ मध्ये नऊ स्त्रियांना पदवी दिली. न्यूमन यांच्या घरांत स्त्रियांना जागाच नव्हती. जिथे राहण्याची अट नसते, तिथे दार थोडे अधिक उघडते. आपल्याकडेही गावोगावच्या मुली शिकल्या त्या अशाच दारातून.

तरीही एकत्र राहण्या-भांडण्याची सवय ८६ क्रमांकात टिकून होती. १८९८ ते १९०२ जेम्स जॉइस तिथे शिकला. वादसभेपुढे त्याने नाटकावर निबंध वाचला. १९०१ मध्ये कॉलेजच्या मासिकाने त्याचा लेख नाकारला. त्याचा मित्र स्केफिंग्टन याचा लेखही नाकारला गेला होता. तो स्त्रियांना विद्यापीठात समान स्थान द्यावे म्हणून लिहिलेला. दोघांनी पदरचे पैसे घालून दोन्ही लेख एका पुस्तिकेत छापले. प्रती ८५. ही पुस्तिका कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हती.

१९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झाले आणि कॉलेज त्यात सामावले. २०१९ पासून हवेलीत आयरिश साहित्याचे संग्रहालय आहे. मागच्या बागेत एक ॲश वृक्ष आहे. त्याच्याजवळ १९०२ च्या पदवीधरांचे छायाचित्र काढले गेले, त्यात जॉइस आहे. मी त्या झाडाखाली बराच वेळ बसलो. माझ्या महाविद्यालयाच्या कँटीनमागे कडुलिंब होता. तिथे चहाच्या पेल्यांवर मुले तास बुडवून भांडायची आणि मी त्यांना हाकलत असे. ती तिथे काय बोलत होती, हे तेहेतीस वर्षांत मी एकदाही थांबून ऐकले नाही.