छळाला पदक

इतिहासाच्या तासाला काही वाक्यं मी मुद्दाम भरभर सांगायचो. संभाजी महाराजांचा शेवट हे त्यातलं एक. १६८९ साली संगमेश्वरला कैद, हाल हाल करून वध, आणि लगेच राजाराम महाराज जिंजीकडे. एखादं कार्टं हात वर करून विचारायचंच, "सर, हाल म्हणजे नेमकं काय केलं?" मी म्हणायचो, मोठा झालास की वाच. पोरांना धैर्य कळावं, अवजारांची यादी पाठ होऊ नये, एवढाच हेतू. २०२५ च्या ‘छावा’ चित्रपटात तेच हाल पडद्यावर सविस्तर दाखवले. पण सिनेमात आपण निदान खुर्चीत बसून बघत असतो. व्हिडिओ गेममध्ये पक्कड आपल्याच हातात देतात.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या खेळाचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला बाजारात आला. त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. ब्रिटनमध्ये तो अठरा वर्षांवरच्यांसाठीच आहे, पण घरोघरी काय चालतं ते मी वेगळं सांगायला नको. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने त्यातला ‘बाय द बुक’ नावाचा प्रसंग मला लॅपटॉपवर दाखवला. एक माणूस खुर्चीला बांधलेला. सरकारी अधिकारी माहिती काढायला सांगतो. समोर पान्हा, पक्कड, विजेच्या तारा आणि पाण्याचा कॅन, त्यातून खेळणाऱ्याने निवडायचं. दात उपटायचा तर हातातल्या कंट्रोलरची कांडी हलवत राहायचं. त्याचं हृदय बंद पडलं तर इंजेक्शन देऊन पुन्हा शुद्धीवर आणायचं, कारण काम अपुरं असतं.

त्या वेळी ब्रिटनमध्ये बरीच ओरड झाली. छळातून वाचलेल्यांवर उपचार करणारी ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ ही लंडनची संस्था आणि तिथली एक शिक्षक संघटनाही त्यात होती.

खेळ करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. छळ करणारं पात्र नंतर त्याच माणसाला गाडीतून विमानतळावर सोडतं आणि वाटेत सांगतं की माहिती मिळवायला छळाचा काही उपयोग नसतो, तो करणाऱ्याच्याच समाधानासाठी असतो. म्हणजे टीका करायचा हेतू होता, हे मी मान्य करतो. पण मंडळी, तोंडाने काय म्हटलं यापेक्षा पेपर कसा तपासला यावरून मुलं शिकतात. इथे तपासणी कशी आहे? छळ केल्यावर उत्तर मिळतं, त्या वर्णनावरून दुसरीकडे एकाला गोळी घातली जाते, कथा पुढे सरकते. इतर कामगिऱ्यांसारखंच याही कामगिरीला शेवटी पदक आहे.

यात काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. खेळच तो. यावर मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. तिथे ‘२४’ नावाची मालिका २००१ पासून चालू होती. नायक संशयिताला पिळतो, तो लगेच खरं बोलतो, शहर वाचतं. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन स्वतः कॅलिफोर्नियात जाऊन निर्मात्यांना भेटले. त्यांची तक्रार अशी की आमच्या विद्यार्थ्यांना हे खरं वाटू लागलंय. अबू घरेबच्या तुरुंगातले फोटो जगाने पाहिले त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. शिकवणाऱ्या माणसाला ही काळजी समजते.

आपल्याकडे याचा जुना कागदोपत्री पुरावा आहे. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो का, हे बघायला कंपनी सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८५५ चा. माणसं मैलोन्‌मैल चालत येऊन साक्ष देत होती. बोटं दाबायचा लाकडी चिमटा, दोरीने वाकवून उन्हात बांधून ठेवणं, डोळ्यांत मिरची, सगळं त्यात लिहिलेलं आहे. वर्णन तिथेही आहेच, आणि ते नेमकं आहे. पण ते ज्याच्यावर बेतलं त्याच्या तोंडचं आहे. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असं कलम २५ आलं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आहे. मारून वदवलेलं खरं असतंच असं नाही, हे सरकारलाही कायद्यात लिहावं लागलं. आपण मात्र इन्स्पेक्टरने थर्ड डिग्री लावली की थिएटरात शिट्ट्या मारतो. असो.

नातवाला मी विचारलं, त्या बांधलेल्या माणसाचं पुढे काय होतं रे? तो म्हणाला, "काही नाही आजोबा. विमानतळावर उतरवतात. कथेत पुन्हा येत नाही तो."