मागच्या चाकातली ट्यूब

बुलेटच्या मागच्या चाकात पंपावरचा पोऱ्या तीसेक पीएसआय हवा भरतो. ट्रायल्सच्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकात असते फक्त चार ते पाच. हा आकडा ऐकला तर तो हवेची नळी गुंडाळून ठेवील आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे बोट दाखवील. पण ट्रायल्सच्या मागच्या टायरची सगळी कुळकथा या चार-पाच पीएसआयमधूनच निघते. हवा आणखी थोडी कमी करता आली तर? या एका हव्यासापायी शंभर वर्षं उपद्व्याप झाले, आणि मागच्या चाकातून ट्यूब गेली तीही त्यातच.

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. धोंडे, ओढे, शेवाळलेले चढ यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, गाडी थांबली किंवा पडली तर पाच. इथे वेगाला किंमत नाही, किंमत पकडीला. हवा कमी असली की टायर दगडावर पसरतं, त्याच्या आकाराशी जुळवून घेतं आणि पकड धरतं.

हवेच्या टायरचं आजोळ स्कॉटलंड म्हणायला हरकत नाही. 1845 मध्ये पहिलं पेटंट घेणारा रॉबर्ट थॉमसन स्कॉटिश, आणि 1888 मध्ये बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधणारा जनावरांचा डॉक्टर जॉन डनलॉप हाही जन्माने स्कॉटिशच. ट्रायल्सची सर्वांत नावाजलेली स्पर्धाही तिथलीच. 1909 मध्ये पाच दिवसांची म्हणून सुरू झालेली आणि पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज’ झालेली ही स्पर्धा आता फोर्ट विल्यमच्या डोंगराळ मुलुखात भरते.

तिथल्या जुन्या गाड्यांना मागे 19 इंची चाक, त्यावर चार इंची टायर आणि आत ट्यूब असे. आपल्या ओळखीची रॉयल एन्फील्डही त्या मैदानात होती. जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 साली स्कॉटिश जिंकली ती याच कंपनीच्या गाडीवर. अशा चाकातली हवा उतरवली की दोन दुखणी हमखास उभी राहतात. पहिलं आपल्याकडचा कुठलाही पंक्चरवाला ओळखेल : धोंड्यावर आपटून टायर रिमपर्यंत दबतं, मधे ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. दुसरं जरा चोरटं. इंजिन चाक फिरवतं, टायर दगडाला धरून बसतं, रिम आतल्या आत पुढे सरकते. ट्यूब टायरबरोबर मागे राहते आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून मुळातून उपटला जातो.

यावर तोडगा म्हणून सिक्युरिटी बोल्ट आला. रिमच्या आत रबर चढवलेला एक खूर, बाहेर नट. नट आवळला की खूर टायरची कड रिमवर दाबून धरतो. एकाने भागेना तेव्हा दोन बसवले. काहींनी तर रिमच्या बाजूने पत्र्याचे स्क्रू आत घुसवले, त्यांची टोकं टायरच्या कडेत रुतून बसत. मुरलेले लोक आणखी एक गोष्ट करत. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळण्याऐवजी वर टोपीपाशी नेऊन ठेवत. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकलंय. ट्यूब फाटायच्या आत हवा सोडून सरळ करून घ्यायचं. मला या सगळ्या कथेतलं हे सर्वांत शहाणं तंत्र वाटतं, कारण त्याला खर्च शून्य.

1965 मध्ये सॅमी मिलरने बुल्ताको या स्पॅनिश गाडीवर स्कॉटिश जिंकली आणि अवजड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले. हलक्या गाड्या आल्या, मागचं चाक 18 इंचांचं झालं. ट्यूब मात्र होती तिथेच.

ट्यूबलेस टायर तेव्हा जगाला नवं राहिलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेगने ते 1940 च्या दशकातच सिद्ध केलं होतं, आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापासून नव्या अमेरिकन मोटारी त्यावर धावू लागल्या. भरधाव गाडीचं टायर एकदम फुटू नये, हा तिथला मोठा फायदा. मोटारसायकलीला अडचण टायरची नव्हती, चाकाची होती. तारांच्या चाकाला छत्तीस तारा, म्हणजे रिमला छत्तीस भोकं. त्यात हवा कोंडायची म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. रस्त्यावरच्या गाड्यांनी पुढे ओतीव चाकं घेऊन प्रश्न मिटवला. ट्रायल्सला ती वाट बंद, कारण धोंड्यावर आपटलं की तारांचं चाक थोडं लवतं, ओतीव चाक तडकतं.

म्हणून 1980 च्या दशकात खरी कारागिरी रिममध्ये झाली. जपानी गाड्यांवर डीआयडी कंपनीची रिम आली : भोकं तशीच, पण वरून रबराचा जाड पट्टा घट्ट बसवून ती बंद केलेली. युरोपातल्या रिम बनवणाऱ्यांनी त्याहून नेटकं केलं. रिमच्या पोटाला, हबच्या बाजूला, धातूची जास्तीची कड ठेवली आणि तारा तिच्यातच अडकवल्या. हवेच्या पोकळीला एकही भोक उरलं नाही. जोडीला मिशेलिनसारख्यांची रेडियल टायरं आली. त्यांची बाजू इतकी मऊ, की दाबली की टायर लांबट होऊन जमिनीला चिकटतं.

यात सिक्युरिटी बोल्टही गेला. ट्यूबलेस टायरची कड रिमवरच्या खाचेत इतकी घट्ट बसते की सरकायचा प्रश्नच येत नाही. बसवताना तितकाच छळही करते. कडांना साबणाचं पाणी लावायचं, टायरच्या घेराभोवती पट्टा आवळून कडा बाहेर फाकवायच्या आणि कॉम्प्रेसरची हवा एका दमात सोडायची. मग दोन बार निघतात, प्रत्येक कडेचा एक. त्यानंतर हवा सोडत चार पीएसआयवर आणायची. खिळा घुसलाच तर मोठा फरक असा, की फाटायला आत ट्यूबच नसते; टायरचं रबर खिळ्याभोवती आवळून बसतं आणि हवा भसकन न जाता हळूहळू झिरपते. गडी टप्पा पुरा करून मग प्लग मारतो.

पुढच्या 21 इंची अरुंद चाकात बहुतेक ठिकाणी अजून ट्यूबच असते. त्याला इंजिनची ओढ नाही, त्यामुळे टायर रिमवर सरकायची भीती मागच्यापेक्षा पुष्कळच कमी, आणि हवाही तिथे थोडी जास्त ठेवतात.

तारांच्या चाकावर ट्यूबलेस हा प्रकार पुढे मोठ्या गाड्यांतही शिरला. बीएमडब्ल्यूने 1987 मध्ये आपल्या जीएस गाड्यांना तारा रिमच्या काठाशी बांधलेली चाकं दिली. आपल्याकडे रॉयल एन्फील्डच्या हिमालयन 450 ला तशी चाकं 2024 मध्ये मिळू लागली, जास्तीचे पैसे मोजून.

जुन्या दोन शॉकअपच्या ट्रायल्स गाड्या जपणाऱ्यांनी मात्र वेगळाच मेळ घातला आहे. नवं मऊ रेडियल टायर त्यांनाही हवं असतं. पण रिम जुनी, भोकांची, आणि कड धरून ठेवणारी खाच तिला नाही. मग ते ट्यूबलेस टायरच घेतात, हाताची सालटी काढत ते जुन्या रिमवर चढवतात, आत ट्यूब घालतात आणि सिक्युरिटी बोल्ट पुन्हा आवळतात.