बोटं, हातमोजे आणि एक दोरी

बंगळुरूला पोस्टिंग आलं की हातमोज्यांशी संबंध उरतो तो फक्त मोटरसायकलपुरता. या शहरात नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान 7.8 अंश सेल्सिअस, आणि तेही 13 जानेवारी 1884 चं. तरीही दर हिवाळ्यात इथली आयटीतली मराठी मुलं केदारकांठ्याला किंवा झंस्कारच्या चादर ट्रेकला निघतात. ओळखीत कुणी फौजी असला की त्याला हमखास विचारतात, "सर, ग्लव्ह्ज कोणते घेऊ?" सर्जापूर रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जोड्यांनी भिंत भरलेली असते आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जोडी निवडण्याआधी आपल्या आधीच्या लोकांनी या प्रश्नाची काय किंमत मोजली ते पाहू.

सुरुवात 1914 पासून करतो. पहिलं महायुद्ध पेटलं आणि सप्टेंबरअखेर आपली हिंदी पलटण मार्सेय बंदरात उतरली. अंगात उन्हाळी खाकी, आणि समोर युरोपातला हिवाळा. 28 ऑक्टोबरला नव शापेलच्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांची दाणादाण उडाली. पुढचा हिवाळा चिखलाने भरलेल्या खंदकांत गेला. सॅपरचं सगळं काम हातांचं: तार कापणं, सुरुंगाची वात जोडणं, फावडं चालवणं. त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये हिंदी शिपायांसाठी निधी उभा राहिला आणि त्यातून गरम कपडे, मोजे, हातमोजे फ्रान्सला जाऊ लागले. 1962 मध्येही तेच चित्र दिसलं. जवान अपुऱ्या कपड्यांत हिमालयात उभे होते, आणि देशभर घरोघरी बायका त्यांच्यासाठी लोकर विणत होत्या. प्रेम भरपूर होतं, पण विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो.

दुसरी गोष्ट अन्नपूर्णेची. 3 जून 1950 रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल शिखरावर पोचले. 8,000 मीटरवरचं शिखर माणसाने गाठण्याची ही पहिलीच वेळ. उतरताना एर्झोगने सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढून बाजूला ठेवले. ते उतारावरून घसरले आणि बघता बघता दिसेनासे झाले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, ते हातात घालता आले असते. पण त्या उंचीवर मेंदूही बधिर झालेला असतो, त्याला ते सुचलंच नाही. परतीच्या वाटेवर डॉक्टर उदो यांना त्याची बोटं कापावी लागली.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. 4 कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी चीता हेलिकॉप्टरमधून बिलाफोंड ला इथे उतरले. उंची जवळजवळ 18,000 फूट, पारा उणे 30 च्या आसपास. दुपारपर्यंत 29 जण खाली उतरले, मग हवामान बिघडलं आणि तीन दिवस संपर्क तुटला. पुढे लेफ्टनंट जनरल झालेल्या कुलकर्णींनी त्या दिवसांचा हिशेब सांगितला आहे: एक जवान गेला आणि 21 जणांना हिमदंश झाला. शत्रूची गोळी सुटण्याआधीचा हा हिशेब आहे. त्या काळी असले कपडे आपण परदेशातून आणत होतो. अतिथंडीच्या कपड्यांचं स्वतःचं तंत्र डीआरडीओने पाच भारतीय कंपन्यांना दिलं ते डिसेंबर 2022 मध्ये.

आता यामागचं कारण. शरीर गार पडू लागलं की रक्त काळीज आणि मेंदूकडे वळतं आणि बोटांचा पुरवठा आटतो. बोट बारीक असल्याने त्याची उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं. मिटनमध्ये चार बोटं एका खोलीत राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. म्हणून खऱ्या थंडीत मिटनच हवं. अडचण एवढीच की मिटन घालून गाठ बांधता येत नाही, झिप लागत नाही, ट्रिगर ओढता येत नाही. त्यासाठी सैन्यांनी तर्जनी वेगळी असलेलं मिटन बनवलं. काम आणि ऊब यांतली ती तडजोड.

तेव्हा निवड अशी करा. आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक हातमोजा, त्यावर जाड फ्लीसचं किंवा लोकरीचं मिटन, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं कव्हर. केदारकांठ्याला आतला पातळ हातमोजा आणि वर चांगला जाड, वारारोधक हातमोजा बहुधा पुरतो. चादरवर रात्री पारा उणे 20 च्याही खाली जाऊ शकतो, तिथे मिटन न्याच. सगळे थर चढवून मूठ सहज मिटली पाहिजे, कारण घट्ट मोजा रक्त अडवतो. ओला मोजा शत्रू समजा. घाम येऊ लागला की एक थर कमी करा, रात्री आतला जोड स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी वाळवा आणि सॅकमध्ये कोरडा जोड राखून ठेवा. तंबूत स्टोव्ह भरताना तर जास्तच जपा. रॉकेल शून्याखालीही गोठत नाही, पण तेवढंच गार झालेलं असतं. ते उघड्या बोटांवर सांडलं तर हिमदंश व्हायला वेळ लागत नाही. थंड धातूलाही उघडा हात लावू नका.

एवढं करूनही बोट पांढरं, बधिर, लाकडासारखं झालं तर? नेपोलियनचा सर्जन लारे 1812 च्या रशियन मोहिमेनंतर बर्फ चोळायला सांगत असे. शेकोटीशी हात शेकणाऱ्या शिपायांचे हाल त्याने पाहिले होते, त्यातून हा सल्ला आला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. तो चुकीचा ठरला आहे. चोळू नका, शेकोटीवर धरू नका. खाली पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बोट बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र तिथे वितळवू नका. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं बोट सहसा वाचत नाही.

या सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे दोरी. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतली माणसं केसाळ मिटन दिव्याच्या वातीने गळ्यात अडकवत. लहान मुलांचे हातमोजे आपण दोरीने बांधतो, तसेच. एर्झोगकडे ती असती तर त्याचे मोजे छातीवर लोंबत राहिले असते. आज मोजा काढायला लावतो तो मोबाइल. फोटो जरूर काढा, पण मिटन मनगटाला बांधलेलं असू द्या आणि आतला पातळ हातमोजा हातातच ठेवा.