सोळा आणे ते शंभर पैसे

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे आणे १६ आणि पैसे ६४ होते; आता नवे पैसे १०० झाले. पनवेलच्या भातबाजारापासून शाळेतल्या फीपर्यंत सगळा हिशेब बदलला.

चार आण्यांचे नेमके २५ नवे पैसे होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून आण्याला ६ नवे पैसे धरले गेले. चार आणे एकदम मोडले तर २५, एकेक करून मोडले तर २४! ज्याला हे उमगले नाही, त्याचा तोटा ठरलेला. पाठोपाठ ९३३ ग्रॅमचा शेर जाऊन किलोग्रॅम आला.

वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. ती पद्धत अडाणी नव्हती. निम्म्याचे निम्मे करणे तराजूला सोपे, तर दशांशचिन्ह सरकवणे कागदावर सोपे. हे दुसरे मुले वर्गात शिकत होती. त्यामुळे अनेक घरांत आजोबा नातवाकडून हिशेब पडताळून घेऊ लागले. मुले अधिक हुशार होती असे नव्हे. त्यांना विसरायचे काही नव्हते, इतकेच.

१९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषणही गळाले. २०११ मध्ये २५ पैशांचे नाणे चलनातून गेले. आपल्या बोलण्यात मात्र ‘सोळा आणे खरे’ टिकून आहे. दशांश अपूर्णांक शिकवताना एखाद्या आजोबांना वर्गात बोलावून पावकी म्हणायला सांगावी. शिकणे दोन्ही बाजूंनी होईल.