साधनाचे नाव, माणसाचे नाव

साहित्याच्या वर्गात फास, जाळे, सापळा, आमिष हे शब्द येतात ते बहुधा रूपक म्हणून. मायेचे जाळे, मोहाचा फास, सत्तेचे आमिष असे आपण सहज बोलतो आणि विद्यार्थीही ते सहज समजतात. परंतु रूपकाला दोन अंगे असतात. उपमेय समजले की आपण पुढच्या पानाकडे वळतो. उपमान मात्र तसेच बंद राहते. फास कशाचा वळतात, कोणत्या प्राण्यासाठी कोणते साधन निवडतात, ते कोठे आणि केव्हा मांडतात, या प्रश्नांना मराठीच्या अभ्यासक्रमात जागा नाही. जणू ही साधने भाषेतच जन्मली आणि भाषेतच राहतात. प्रत्यक्षात ती हातांनी घडवली होती, आणि त्या हातांचे पुढे काय झाले हा आपल्या सामाजिक इतिहासातील एक दुखरा भाग आहे.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे बाहेर पाहू. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाचा एक पंथीय समूह होता. सुएल न्यूहाउस हा सापळे घडवणारा कारागीर त्याचा सभासद. १८६५ मध्ये या समूहाने त्याच्या नावे एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. लोकरदार कातड्याच्या व्यापारात उतरू पाहणाऱ्या नवशिक्याने कोणत्या आकाराचा सापळा घ्यावा, कोणत्या प्राण्याला कोणते आमिष लावावे, कातडे कसे वाळवावे, हे सारे तीत आहे. लोखंडी जबड्याच्या त्या सापळ्यांचे निरनिराळे आकार होते. उंदरासाठी वेगळा, अस्वलासाठी वेगळा. त्या व्यवसायात साधन निवडणे म्हणजे योग्य आकार मागवणे. ज्ञान पुस्तकात, साधन कारखान्यात आणि शिकारी गिऱ्हाईक, अशी ती रचना होती. या पुस्तकाने कोणालाही गुन्हेगार ठरवले नाही. उलट कातडी कमावणे हा धाडसी आणि प्रतिष्ठित उद्योग म्हणून मांडला.

आपल्याकडेही अशी मार्गदर्शिका होती काय? स्वतंत्र पुस्तक म्हणून नसेल. पण तिचे तुकडे आपल्याच पाठ्यग्रंथांत विखुरलेले आहेत. अमरकोशाचेच उदाहरण घ्या. मृगपक्षी बांधण्याच्या साधनांना तेथे वीतंस हे सामान्य नाव आहे. यंत्रासारख्या सापळ्याला उन्माथ किंवा कूटयंत्र म्हटले आहे. आणि हरणांसाठी लावायच्या जाळ्याला वागुरा. ती वापरणारी माणसेही वेगवेगळी नोंदली आहेत. पक्षी धरणारा तो शाकुनिक, जाळ्याने धरणारा तो वागुरिक किंवा जालिक. म्हणजे सावज, साधन आणि कारागीर यांचे वर्गीकरण कोशकाराला ठाऊक होते. मात्र या नोंदी आहेत शूद्रवर्गात, कुंभार, लोहार, चर्मकार यांच्या पंक्तीत. ज्ञानाची नोंद झाली ती अशा रीतीने, एका सामाजिक पायरीची नोंद म्हणून.

हितोपदेशात हरीण, कावळा आणि कोल्हा यांची प्रसिद्ध कथा आहे. पिकात शिरणारे हरीण शेतकऱ्याने लावलेल्या पाशात अडकते. कपटी कोल्हा त्याला सोडवण्याचे टाळतो. पाश स्नायूंचे आहेत आणि आज रविवार, तेव्हा त्यांना दात कसा लावू, असे कारण तो देतो. वर्गात आपण या ठिकाणी कोल्ह्याच्या ढोंगीपणावर बोलतो. परंतु कथाकाराने जाता जाता साधनाचा पदार्थ सांगितला आहे. हरणासाठी पाश प्राण्याच्या स्नायूंचा, म्हणजे चिवट आणि हिसक्याला न तुटणारा असे. आणखी एक गोष्ट येथे कळते. पाश लावणारा व्याध नसून शेताचा मालक आहे. फास हे केवळ रानातल्या माणसाचे हत्यार नव्हते, ते शेतीच्या संरक्षणाचेही साधन होते.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील पोपट आणि नळी यांचा दृष्टांत तर सर्वांना परिचित आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि पडण्याच्या भीतीने तिला अधिकच घट्ट धरतो. बांधलेला नसूनही स्वतःला बांधलेला समजतो. आत्मबंधनाचे इतके नेमके चित्र दुसरे नाही, हे खरे. परंतु तंत्र म्हणून पाहिले तर येथे फास नाही, दार नाही, खटका नाही. पक्ष्याची पकड आणि पक्ष्याचे भय हीच यंत्राची शक्ती आहे. पोपटाचा स्वभाव बारकाईने पाहिल्यावाचून हे साधन कोणाला सुचणे शक्य नव्हते. शके १२१२ मधील श्रोत्यांना हा दृष्टांत भिडला असेल तर त्यामागे नळी मांडणाऱ्या एका अनाम माणसाचे निरीक्षण आहे. ज्ञानदेवांनी त्याच्या साधनाला तत्त्वज्ञानात नेले. आपण तत्त्वज्ञान ठेवले आणि साधन विसरलो.

हे निरीक्षण ज्यांनी व्यवसाय म्हणून सांभाळले त्यांत महाराष्ट्रातील पारधी प्रमुख होत. तितर-लाव्यांसारख्या पक्ष्यांसाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास. हरणांसाठी जनावरांच्या वाटेवर ओळीने मांडलेले, खुंट्यांनी जमिनीत रोवलेले दणकट फास. कळपाला त्या ओळीकडे हाकणारी माणसे वेगळी. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तितर बोलावणे ही आणखी एक रीत. माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानटी नरासमोर सोडत. झुंजीत शिंगे गुंतली की सावज हाती येई. शिंगांवर जाळे बांधलेल्या हरणांचा असाच खेळ अकबराच्या दरबारात चाले, आणि अबुल फजलने आईने-अकबरीत त्याचे वर्णन केले आहे. बादशहाने केली तर ती क्रीडा. पारध्याने केली तर पुढे तो पुरावा झाला.

हा बदल घडला कायद्याने. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदणी, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटमधील तारेचे कुंपण हे त्याचे स्वरूप. ज्यांचे ज्ञान जनावराच्या वाटेमागे चालत जाण्यात होते त्यांना एका जागी बसवणे म्हणजे ते ज्ञानच खोडणे होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले तेही १९५२ मध्येच. चित्ते पाळून काळविटे धरणाऱ्या चित्ता पारध्यांचे नाव मात्र उरले.

ते नाव कोठे उरले हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, चित्ता पारधी, शिकारी, टाकणकर अशी नावे येतात. फासे हे साधन. चित्ता हेही, शिकारीपुरते, साधनच. आणि टाकणकर म्हणजे जात्याला टाकी लावणारे. हातातले साधन हेच माणसाचे नाव झाले. साधन बेकायदा ठरले तरी नाव बदलता येत नाही. ज्या मुलाने कधी फास पाहिलाही नाही त्याच्या जातीच्या दाखल्यावर फास असतो, आणि गावात चोरी झाली की पहिली शंका त्या शब्दाकडेच वळते.

ठाणे जिल्ह्यात याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामध्ये खडवली हे स्टेशन आहे. शहरातील लोकांना ते ठाऊक आहे भातसा नदीवरच्या सहलींसाठी. या पट्ट्यातील वाड्यांवर कातकरी राहतात. त्यांचे नावही धंद्याचे आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. वनकायद्यांनी खैर हातचा गेला, पुढे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणे आले; नाव तेवढे कातकरी राहिले. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ. ना. वेलिंग यांच्या अभ्यासात या समाजाची दखल घेतलेली आहे.

कातकऱ्यांची शेतातील उंदीर धरण्याची रीत साधनाच्या निवडीचा उत्तम नमुना ठरावी. भातकापणी झाली की बांधातली बिळे शोधायची, ताज्या मातीवरून राबते बीळ ओळखायचे, इतर तोंडे बुजवायची, मग धूर द्यायचा किंवा खणायचे. येथे पिंजरा किंवा चाप का नाही? कारण चापात केवळ उंदीर सापडेल. खणल्याने उंदराबरोबर त्याने साठवलेले भातही मिळते, आणि शेतकऱ्याचा बांध निर्धोक होतो तो वेगळाच. म्हणून कुदळ, धूर आणि हात हीच योग्य साधने. पावसाच्या आरंभी वलगणीचे मासे शेतात चढतात, तेव्हा पाण्याच्या वाटेत बांबूचे विणलेले सापळे लावायचे. ऋतू बदलला, सावज बदलले, की साधन बदलते. न्यूहाउसच्या ग्राहकाला जे छापील तक्त्यावरून कळे ते येथे मातीवरून कळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची व्याख्या केली, तीत पकडणे, फास लावणे, सापळा लावणे ही क्रियापदेही आली. ससा, मुंगूस, घोरपड यांना संरक्षण आहे. उंदीर मात्र दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता; २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती अनुसूचीच वगळली. कातकऱ्याचे जे सावज कोणालाच नको होते तेवढे कायद्याबाहेर राहिले.

या कायद्याची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले आणि त्यांतील एक मेला. असा सापळा बाजारासाठीच असतो. त्याचे गिऱ्हाईक रानात राहत नाही. आपल्या उष्ण प्रदेशात लोकरदार कातड्याचा मोठा व्यापार झाला नाही, परंतु मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश झाले. त्यांसाठी मुंगसे फासात धरली गेली, आणि ते ब्रश चित्रकलेच्या सुसंस्कृत टेबलांवर पोहोचले. फास लावणारा पकडला जातो; ब्रश धरणाऱ्या हाताला त्या फासाची माहितीही नसते. पूर्वीच्या साधनांचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण ज्याच्या निरीक्षणातून नळी, वागुरा आणि बांबूचा सापळा निर्माण झाला त्याला केवळ आरोपी म्हणून ओळखणे हेही इतिहासाचे अज्ञानच आहे.

अमरकोशाची यादी, १८७१ नंतरच्या नोंदवह्या, जमातींची अनुसूची, वन्यजीव कायद्याची व्याख्या. या चारही ठिकाणी फास आहे आणि फास लावणारा आहे. परंतु कोठेही तो जाणकार म्हणून नोंदलेला नाही. त्याच्या जाणतेपणाची नोंद राहिली आहे ती भाषेत. मेंढ्यांभोवती रात्री लावायच्या जाळीच्या कुंपणाला धनगर वाघर म्हणतात. वागुरेशी नाते सांगणारा हा शब्द जनावर धरण्याकडून जनावर राखण्याकडे आला. एक साधन दोन्ही कामे करू शकते, हे त्या शब्दाला माहीत आहे. पोपट आणि नळीचा दृष्टांत शिकवताना फळ्यावर ती नळी एकदा काढून दाखवावी. ती कशी फिरते आणि ती कोणी मांडली, हे दोन्ही प्रश्न मग विद्यार्थीच विचारतील.