शुभवर्तमानांच्या मेळाची कुळकथा

येशू ख्रिस्ताचे चरित्र नव्या करारात मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांनी आपापल्या शुभवर्तमानांत सांगितले आहे, आणि एकाच घटनेविषयीचे त्यांचे तपशील ठिकठिकाणी जुळत नाहीत. येशूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकल्याची हकिकत योहान दुसऱ्याच अध्यायात देतो, तर उरलेले तिघे ती येशूच्या अखेरच्या दिवसांत घालतात. यरीहोजवळ मत्तयाच्या कथनात दोन आंधळ्यांना दृष्टी मिळते, मार्क व लूक मात्र एकाचाच उल्लेख करतात. ही तफावत पहिल्या वाचकांच्याही नजरेतून सुटली नव्हती, आणि तिचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांची परंपरा थेट दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाते.

रोममध्ये ख्रिस्ती तत्त्वज्ञ जस्टिनचा शिष्य असलेल्या तातियानाने इ. स. १७०च्या सुमारास चारही शुभवर्तमाने उकलून त्यांचे एकच सलग कथन विणले. ‘दियातेस्सारोन’, म्हणजे ‘चारांतून एक’, या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ सिरियाक भाषेच्या मंडळ्यांत उपासनेत वाचला जाई आणि चौथ्या शतकात संत एफ्रेमने त्यावर भाष्यही लिहिले. मात्र पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. येशूच्या वंशावळ्या तातियानाने गाळल्या, हा थिओडोरेटचा एक आक्षेप होता.

या वंशावळ्यांचा पेच खरोखरच अवघड होता, कारण मरियेचा पती योसेफ याच्या पित्याचे नाव मत्तय याकोब असे देतो आणि लूक एली असे. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानुस याने त्यावर यहुदी नियमशास्त्राच्या आधारे उत्तर शोधले: निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दुसऱ्या भावाने विवाह करावा आणि होणारे मूल मृताच्या नावे चालावे, अशी चाल होती, त्यानुसार योसेफाचा जन्मदाता याकोब आणि कायद्याने पिता एली ठरतो. हे उत्तर सिद्ध करता येत नाही, तरी त्यामागची दृष्टी मोलाची आहे, कारण कोणताही मजकूर न गाळता लेखकांच्या काळातील रीतीरिवाजांतच तिने उलगडा शोधला.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने याहून संयमी मार्ग काढला. त्याने प्रत्येक शुभवर्तमानाचे क्रमांकित खंड पाडले आणि कोणता खंड इतर कोणाकडे आढळतो हे दाखवणारी दहा कोष्टके रचली. पहिल्यात चौघांना समान असलेले खंड, तर दहाव्यात एकेकट्याचेच. समासातील क्रमांकावरून वाचक कोष्टकाकडे व तेथून समांतर उताऱ्याकडे जाई, आणि मूळ पाठातील एक अक्षरही हलत नसे.

इ. स. ४००च्या सुमारास ऑगस्टीनने याच विषयाला एक स्वतंत्र ग्रंथ वाहिला. मत्तयाच्या मते शताधिपती, म्हणजे रोमी सैन्यातील अधिकारी, आपल्या आजारी चाकरासाठी स्वतः येशूकडे येतो, तर लूकाच्या मते तो यहुद्यांच्या वडीलधाऱ्यांना पाठवतो. ऑगस्टीन म्हणतो की दुसऱ्यांमार्फत गाठ घेणाऱ्याविषयीही ‘तो भेटला’ असे लोक सहज बोलतात, म्हणून दोन्ही कथने खरी ठरतात. मंदिराच्या बाबतीत मात्र त्याने घटनाच दोनदा घडल्याचे मानले. या दुसऱ्या उपायाचा अतिरेक आंद्रेआस ओसिआंडरने १५३७ साली केला: तपशील बदलला की घटना निराळी, असे धरल्यामुळे त्याच्या संकलनात येशूने जिवंत केलेली याईराची मुलगी एकाहून अधिक वेळा मरणातून उठते. ग्रंथाची सत्यता राखण्याची तळमळ येथे ग्रंथाच्या कथनावरच उलटलेली दिसते.

विणकामाची तातियानाची वाट पुढेही पूर्ण मोडली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध केलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ येशूचे चरित्र एका सलग ओवीबद्ध कथेत मांडते. अभ्यासकांनी मात्र अखेरीस वेगळी वाट धरली. १७७६ साली योहान याकोब ग्रीसबाख याने पहिली तीन शुभवर्तमाने शेजारशेजारच्या स्तंभांत छापली, तीही घटनांचा खरा क्रम निश्चित करण्याचा दावा न करता, आणि त्यामुळे विसंगती झाकण्याऐवजी त्यांवरून कोणी कोणाचा आधार घेतला हे तपासणे शक्य झाले. चार साक्षी वेगळ्या ठेवून त्या एकत्र वाचण्याची युसेबियसची पद्धतच अधिक प्रामाणिक होती, आणि ग्रीक नव्या कराराच्या नेस्ले-आलांड या प्रमाण आवृत्तीच्या समासात त्याचे क्रमांक आजही छापले जातात.